आमचा विषय कोणता?

आम्ही कोल्हापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. हे सांगितले की समोरचा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. पहिला, "उर्दू शाळेत मराठी असते का?" आणि दुसरा, "तुमचे मराठी इतके चांगले कसे?" आता दोन्ही प्रश्नांची सवय झाली आहे. घरात दखनी, शाळेत उर्दू आणि गल्लीत, बाजारात, एस.टी.त मराठी, असे आमचे बालपण गेले. त्यात काही विशेष आहे असे आम्हाला कधी वाटले नाही. वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेकांचेही असेच असेल.

पण गेल्या वर्षी एका प्रसंगाने तिसराच प्रश्न समोर उभा केला. आमचा विषय कोणता? त्याचीच ही हकीकत.

२०१२ साली आम्ही बी.एड. करत होतो. अभ्यासक्रमात कृतिसंशोधन असायचे. आम्ही विषय घेतला तो आमच्याच वर्गातला : उर्दू माध्यमाच्या इयत्ता सहावीच्या मुलांना मराठी लिहिताना येणाऱ्या अडचणी. ही मुले मराठी बोलतात फर्डे. रंकाळ्यावर भेळवाल्याशी हुज्जत घालताना ऐकले तर कोणी म्हणणार नाही की हे उर्दू शाळेतले पोर आहे. पण वही उघडली की गाडी अडते. आम्ही तीन महिने वह्या तपासल्या आणि एक गोष्ट ध्यानात आली. उर्दूत जेर, जबर, पेश सहसा लिहीत नाहीत, वाचणारा ते मनातल्या मनात लावून घेतो. तीच सवय मूल मराठीत आणते आणि ऱ्हस्व वेलांटी, उकार गाळून टाकते. 'किती'चे 'कती' होते, 'मुलगा'चा 'मलगा' होतो. दुसरी अडचण लिंगाची. उर्दूत दोनच लिंगे, मराठीत तीन. 'किताब' बाई आणि 'पुस्तक' ना बाई ना बुवा. हे समजले म्हणजे मुलाला 'ढ' म्हणण्याऐवजी नेमके कुठे बोट ठेवायचे ते कळते. आम्ही त्यावर वीस पाठ तयार केले, वर्गात घेतले, मुलांच्या चुका कमी झाल्या. अहवाल साठ-सत्तर पानांचा झाला.

अब्बा तेव्हा हयात होते. ते बाईंडिंगचे काम करत. सरकारी रजिस्टरे, वकिलांची पुस्तके, मदरशातली सिपारे, सगळे त्यांच्या हातून जायचे. आमच्या अहवालाला त्यांनी निळी जिल्द घातली आणि पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत पूर्ण शीर्षक उठवले. एवढे लांब शीर्षक मावेना, तर म्हणाले, "छोटा टाईप लगाते, मगर पूरा लिखते. बाहर से समझना चाहिए अंदर क्या है." एक प्रत महाविद्यालयात जमा झाली, एक घरी राहिली.

पुढे नोकरी, संसार. अहवाल आम्ही जवळजवळ विसरलो. गेल्या वर्षी एका प्रशिक्षणात मिरजेची एक तरुण शिक्षिका भेटली. तीही उर्दू शाळेत मराठी शिकवते. तिने मोठ्या उत्साहाने सांगितले की ती दोन वर्षे मुलांच्या लेखनातल्या चुका गोळा करते आहे आणि तिला वाटते की ही जेर-जबरची भानगड आहे. आम्ही चकित झालो. आमचे अर्धे काम तिने पुन्हा मुळापासून केले होते. आम्ही म्हटले, "अगं, हे आम्ही २०१२ लाच लिहून ठेवलंय. आमच्या कॉलेजने जुने अहवाल संगणकावर चढवलेत, तू शोधलं नाहीस?" ती म्हणाली, "आपा, भोत ढूंडी मैं. कुछ मिल्याच नै."

त्या रात्री आम्ही स्वतः मोबाईलवर शोधू लागलो. 'मराठी लेखन' टाकले, काही नाही. 'उर्दू माध्यम' टाकले, काही नाही. आमचे नाव टाकले, तेही नाही. शेवटी वर्षानुसार यादी उघडून एकेक नोंद खाली सरकवत गेलो तेव्हा सापडले. आडनावातल्या 'ण'चा 'न' झाला होता. शीर्षक अर्धेच होते. आणि 'विषय' या रकान्यात तीन शब्द होते : इस्लाम, मुस्लिम समाज, धार्मिक शिक्षण.

आम्ही कपाटातून निळ्या जिल्दीची प्रत काढून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. वेलांटी आहे, उकार आहे, नपुंसकलिंग आहे. इस्लाम कुठेच नाही. इस्लाम आमचा धर्म आहे, त्याचा आम्हाला संकोच नाही. पण तो त्या अहवालाचा विषय नव्हता. विषय मराठी होता. अब्बांनी लहान टाईप लावून जे बाहेर लिहिले होते, ते इथे कोणीतरी पुसून आमचे नाव पाहून दुसरेच लिहिले होते.

रागाच्या भरात आम्ही दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलो. ग्रंथपाल सज्जन निघाले. त्यांनी चहा मागवला आणि सगळे उलगडून सांगितले. नॅकची समिती येणार होती. तिच्या आधी जुने अहवाल स्कॅन करून डिजिटल भांडारात चढवायचे ठरले. कंत्राटावर एक मुलगा घेतला, नोंदीमागे पैसे ठरवले. 'विषय' रकाना भरण्यासाठी त्याला एका इंग्रजी विषयसूचीवरून मराठीत केलेली छोटी यादी दिली. यादीत 'उर्दू माध्यम' नव्हते, 'द्वितीय भाषा अध्यापन' नव्हते. मुलाने नाव पाहिले, शीर्षकातला 'उर्दू' शब्द पाहिला आणि यादीत जे जवळचे वाटले ते टाकले. दिवसाला पन्नास नोंदी उरकायच्या, कोण आत वाचत बसणार? त्या मुलावरचा आमचा राग तिथेच विरला. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

"मॅडम," ग्रंथपाल म्हणाले, "आमच्याकडे यादी आहे, धोरण नाही."

आम्ही विचारले, "पण संगणक अहवालाच्या आतले शब्द का शोधत नाही? मग या रकान्याची गरजच काय?" त्यांनी आमचीच फाईल उघडून दाखवली. स्कॅन केलेली पाने म्हणजे नुसती छायाचित्रे. संगणकाला त्यात अक्षर दिसत नाही. काही अहवालांच्या टाईप केलेल्या फायली मिळाल्या होत्या, पण त्या श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या. कागदावर सुंदर मराठी, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी चिन्हांचा गोंधळ. उर्दूच्या इनपेजमधल्या जुन्या फायलींचेही तेच, हे आम्हाला आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिकांवरून ठाऊक होते. म्हणजे युनिकोडच्या आधीच्या आपल्या दोन्ही भाषांच्या लिखाणाला आत शिरायला वाटच नाही. 'विषय' हा रकाना हाच एक दरवाजा, आणि त्याच्यावर चुकीची पाटी.

त्यानंतर दोन-तीन महिने आम्ही या विषयाचाच नाद घेतला. जे समजले ते शिक्षकाच्या भाषेत सांगतो. विद्यापीठाचे वा महाविद्यालयाचे डिजिटल भांडार बहुधा डीस्पेससारख्या मोफत मिळणाऱ्या प्रणालीवर चालते. ही प्रणाली २००२ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी. आणि एच.पी. यांनी मिळून केली. नोंदीचे रकाने डब्लिन कोअर नावाच्या पद्धतीचे असतात. तिचे मूळ पंधरा रकाने : शीर्षक, कर्ता, भाषा, तारीख वगैरे. त्यातला एक 'विषय'. आपल्या देशातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे शोधगंगा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.च्या प्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या भांडारात जमा होऊ लागल्या. आपल्या शिवाजी विद्यापीठाचे प्रबंधही तिथे आहेत.

रकाना आहे, पण तो कोणी आणि कसा भरायचा हे ज्या त्या संस्थेने ठरवायचे असते. त्यालाच विषय-नोंदीचे धोरण म्हणतात. त्यात चार प्रश्न येतात. शब्द कोण देणार, लेखक की ग्रंथपाल? शब्द मनाने द्यायचे की ठरलेल्या यादीतून? कोणत्या भाषेत आणि लिपीत? आणि एका लिखाणाला किती?

आधी आम्हाला वाटले, सोपे आहे, लेखकालाच देऊ द्या. ग्रंथपालांनी हसून एक कागद पुढे केला. त्यावर एकाच गोष्टीची लोकांनी दिलेली रूपे होती : मोहरम, मोहर्रम, मुहर्रम, मुहरम. कुराण, कुरआन, कुर्आन. शेख महंमद, शेख मोहम्मद, शेख मुहम्मद. प्रत्येकाला आपलेच बरोबर वाटते. संगणकाला मात्र हे वेगवेगळे शब्द. मोहरम शोधणाऱ्याला मुहर्रम सापडत नाही. म्हणून एक रूप ठरवायचे आणि बाकीच्या रूपांपुढे 'हे पाहा' म्हणून त्याच्याकडे बोट करायचे. यालाच नियंत्रित शब्दावली म्हणतात. यादी हवीच, हे आम्हाला पटले. फक्त ती कोणाच्या घरात बसून केली आहे, तेही पाहायला हवे.

याचे उदाहरण ग्रंथालयाच्या फडताळातच आहे. मेलव्हिल ड्यूई यांची दशांश पद्धत १८७६ ची. धर्माच्या दोनशेच्या वर्गात २२० ते २८० ही मोठी जागा ख्रिस्ती धर्माला आणि उरलेले जग २९० मध्ये. हिंदू धर्म २९४.५, इस्लाम २९७. भाषांचेही तसेच. मराठी साहित्य ८९१.४६, आणि उर्दू ८९१.४३९, म्हणजे हिंदीच्या ८९१.४३ च्या पोटात शेवटचा अंक. हा कोणी केलेला अन्याय आहे असे म्हणायचे नाही. करणाऱ्याच्या गावात जी पुस्तके होती, तशी त्याने खोल्या पाडल्या. पण आता त्या खोल्यांत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना बसवून पाहा. त्यांचा 'योगसंग्राम' कुठे ठेवणार? सूफी म्हणून २९७.४ मध्ये? योग आणि भक्ती म्हणून २९४.५ मध्ये? की मराठी काव्य म्हणून ८९१.४६ मध्ये? लाकडी फडताळात पुस्तक एकाच जागी उभे राहू शकते, म्हणून कोणीतरी निवाडा करायचा आणि दोन वाचकांना रिकाम्या हाताने परत पाठवायचे.

संगणकात ही सक्ती नाही! डब्लिन कोअरचा प्रत्येक रकाना हवा तितक्या वेळा भरता येतो. शेख महंमद एकाच वेळी सूफीही असू शकतात, संतकवीही आणि मराठीही. आपल्या पूर्वजांना जे जगता आले ते नोंदवायची सोय शेवटी यंत्राने दिली, आणि आपण मात्र अजून फडताळाच्या हिशेबाने एकच खोली शोधतो. आपल्या बाबूजमाल तालमीचेच घ्या. कोणी विद्यार्थ्याने त्यावर अहवाल लिहिला तर तो दर्ग्याचा, पंजाचा, मोहरमचा की तालमीचा? गणपतीचे काय? कोल्हापूरकराला हा प्रश्न पडत नाही, तो सगळीकडे जातो. नोंदीलाही सगळीकडे जाऊ द्यावे.

या वाचनात एक गोष्ट सापडली, ती आपल्या वाचकांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयसूची जगभर वापरतात. तिच्यात आफ्रिकेतल्या काही लोकांसाठी 'काफिर' हे शीर्षक होते. सॅनफर्ड बर्मन नावाचे ग्रंथपाल झांबियाच्या विद्यापीठात काम करत होते. तिथल्या सहकाऱ्यांनी त्यांना सांगितले की हा शब्द आम्हाला शिवीसारखा लागतो. आपल्या दीनमधला शब्द, अरबांकडून गोऱ्यांकडे गेला, त्यांनी त्याची शिवी केली आणि ती अमेरिकेच्या सूचीत विषय म्हणून बसली! बर्मन यांनी अशा शीर्षकांची झाडाझडती घेणारे पुस्तक १९७१ साली लिहिले. पुढे त्यातली पुष्कळ बदलली. बेकायदा आलेल्या परदेशी माणसांसाठीचे त्याच सूचीतले एक शीर्षक बदलण्याची मागणी २०१४ साली डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी सुरू केली, ते २०२१ साली बदलले. सात वर्षे लागली, पण बदलले. म्हणजे सूची आकाशातून पडलेली नसते. माणसे ती लिहितात आणि माणसांनी सांगितले तर ती बदलते.

इथपर्यंत आम्ही फिर्यादीच्या पिंजऱ्यात होतो. पण एका शनिवारी शाळेत आमचीच पेशी झाली. आमच्या वर्गात दोन कपाटांचे छोटे ग्रंथालय आहे आणि त्याचे रजिस्टर गेली सहा वर्षे आमच्याच हातात आहे. सहज उघडून पाहिले. 'दीनियात' या सदराखाली आम्ही काय काय लिहिले होते? सीरतची पुस्तके होती, ते ठीक. पण उर्दूतले विज्ञानकथांचे एक पुस्तक तिथेच. लेखकाचे नाव मौलवीसारखे वाटले म्हणून आरोग्यावरची एक पुस्तिकाही तिथेच. आणि शाहीर अमर शेखांची कविता? बार्शीच्या या माणसाने गिरणी कामगारांची, संयुक्त महाराष्ट्राची गाणी डफावर गायली. त्यांना आम्ही 'मुस्लिम शख्सियात' या सदरात टाकले होते. मराठी कवितेच्या सदरात त्यांचे नाव नव्हते. ज्या मुलाने कविता शोधली असेल, त्याला अमर शेख भेटलेच नसतील. कंत्राटावरच्या त्या मुलाने दिवसाला पन्नास नोंदींच्या घाईत जे केले, ते आम्ही निवांत बसून केले होते.

तेव्हापासून आम्ही आवाज खाली आणून बोलतो. कारण प्रश्न एकतर्फी नाही. रागाच्या भरात आम्ही ग्रंथपालांना म्हटले होते, "आमच्या नोंदीतून 'मुस्लिम' हा शब्दच काढा." त्यांनी तेव्हाच विचारले होते, "सगळ्याच नोंदींतून काढू का?" आज त्या प्रश्नाचे मोल कळते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपल्या वडीलधाऱ्यांनी 'मुस्लिम मराठी' ही जोडी जाणूनबुजून उभी केली, कारण त्याआधी मराठीत आपण होतो पण दिसत नव्हतो. उद्या कोणाला त्या चळवळीवर काम करायचे असेल आणि सगळ्या नोंदींतून तो शब्द गेलेला असेल, तर तोही एक प्रकारचा पुसण्याचाच उद्योग. मुस्लिम स्त्रियांच्या शिक्षणावर प्रबंध असेल तर 'मुस्लिम स्त्रिया' हा शब्द तिथे हवाच. लेखकाने आपले लिखाण त्या नावाने मांडले असेल तर तेही नोंदवावे. फक्त लेखकाचे नाव वाचून विषय ठरवू नये. नावासाठी 'कर्ता' हा रकाना आहेच. आणि तो शब्द आलाच तर इतर शब्दांच्या जोडीने यावा. त्यांना बाहेर ढकलून नव्हे.

मे महिन्याच्या सुट्टीत ग्रंथपाल आणि आम्ही तीन दिवस बसून एक पानाचे धोरण लिहिले. लेखकाने अहवाल देतानाच आपल्या भाषेत तीन ते सहा शब्द द्यावेत. ग्रंथपालाने ते यादीशी ताडून पाहावेत, पण लेखकाचे शब्द पुसू नयेत, शेजारी ठेवावेत. शब्द मराठीत आणि इंग्रजीत, आणि अहवालाचा उर्दूशी संबंध असेल तर उर्दू लिपीतही असावेत. विषय ठरवण्यापूर्वी निदान प्रस्तावना आणि निष्कर्ष वाचावेत. यादीत शब्द नसेल तर नवा घालावा आणि त्याची तारीख लिहून ठेवावी. कोणाची हरकत आली तर ती नोंदवून उत्तर द्यावे. महाविद्यालयाच्या समितीने ते मंजूर केले. यात आम्ही काही नवे शोधले नाही. मद्रासच्या रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवले आहे की ग्रंथालयाचे सारे काम वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालून देण्याचे आहे, त्याचा वेळ वाचवून. ते गृहस्थही आधी मास्तरच होते, गणिताचे.

आमची नोंद आता दुरुस्त झाली आहे. विषय : मराठी अध्यापन, द्वितीय भाषा, उर्दू माध्यम, लेखनातील चुका, दखनी भाषक विद्यार्थी. आडनावाला 'ण' परत मिळाला. शीर्षक पूर्ण लिहिले आहे. मिरजेच्या शिक्षिकेला आम्ही फोन केला, तर तिला ती आधीच सापडली होती. ती म्हणाली की आमच्या वीस पाठांतले सहा तिने घेतले आणि दोन चुकीचे आहेत असे तिचे मत आहे. आम्हाला फार बरे वाटले. तिची दोन वर्षे मात्र कोणी परत देऊ शकत नाही.

आमच्या अहवालासारखे आणखी किती अहवाल, प्रबंध, लेख भलत्या खोलीत पडून असतील? वाचकहो, आपल्यातले कितीतरी जण एम.ए., बी.एड., पीएच.डी. करतात. काम जमा करताना एक अर्ज भरतो, त्यात 'विषय' किंवा 'कीवर्ड' असा रकाना असतो. आपण तो रिकामा सोडतो किंवा घाईत काहीतरी खरडतो. तो सोडू नका. आपण लिहिले नाही तर दुसरा कोणी लिहितो, आणि त्याला आपले नावच तेवढे दिसते.

शाळेचे रजिस्टर आम्ही नव्याने लिहायला घेतले आहे. मदतीला सातवीच्या दोन मुली असतात. परवा त्यातली एक अमर शेखांचे पुस्तक हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आपा, ये कां रखूं?" आम्ही म्हटले, "किताब मराठी शायरी में रख. और नाम दोनों पन्नों पे लिख."

तिने दोन्ही पानांवर लिहिले. 'शाहीर'ला दीर्घ वेलांटीही बरोबर दिली.